फाइल खरी की नुसती पाटी? पीएचपीमध्ये सिम्बॉलिक लिंक ओळखताना



आजचा विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. पीएचपी स्क्रिप्टमध्ये समोर आलेलं नाव खऱ्या फाइलचं आहे की सिम्बॉलिक लिंकचं, हे कसं तपासायचं? याचं एका ओळीचं उत्तर आहे: इज_लिंक हे फंक्शन वापरा. पण ते कधी वापरायचं आणि मिळालेल्या उत्तरावर किती वेळ विश्वास ठेवायचा, हे एका ओळीत मावत नाही. मला ते एका चुकीतून कळलं. चूक माझी होती, किंमत मात्र माझ्या ज्युनिअरने मोजली.

(एक सूचना: फंक्शनांची नावं मी देवनागरीतच लिहिते आहे. जिथे अंडरस्कोर दिसेल तिथे मूळ नावातही अंडरस्कोर आहे.)

काय झालं होतं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लॅबचा सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. नवीन येणाऱ्याच्या गळ्यात ते पडतंच. सगळे जण एका साध्या वेबपेजवरून फाइल्स अपलोड करायचे, ग्राफ बघायचे. त्यासाठी एक तात्पुरता फोल्डर होता आणि तो सारखा तुडुंब भरायचा. सर म्हणाले, "दर रविवारी रात्री हा आपोआप रिकामा होईल असं काहीतरी कर." मी पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरमधलं एकेक नाव घ्यायचं. ती डिरेक्टरी असेल तर आत शिरायचं, आतलं सगळं पुसायचं आणि मग ती डिरेक्टरी काढायची. डिरेक्टरी नसेल तर थेट पुसायचं. दोन महिने सगळं छान चाललं.

मग एका सोमवारी सकाळी ज्युनिअर धावत आला. "ताई, माझा डेटा फोल्डर रिकामा आहे." त्याचा डेटा तात्पुरत्या फोल्डरमध्ये नव्हताच, दुसऱ्याच डिस्कवर होता. माझी स्क्रिप्ट तिकडे जायचं काही कारणच नव्हतं. लॉगमध्ये फक्त एक ओळ होती. आरएमडिर म्हणत होतं की दिलेलं नाव डिरेक्टरीचं नाही.

ती ओळ मी दहा वेळा वाचली. माझ्या स्क्रिप्टने आधी इज_डिरला विचारलं होतं आणि ते "हो, डिरेक्टरी आहे" म्हणालं होतं. मग त्याच नावावर आरएमडिर "डिरेक्टरी नाही" कसं म्हणतं?

झालं होतं असं. वेबपेजवरून आपला डेटा दिसावा म्हणून ज्युनिअरने तात्पुरत्या फोल्डरमध्ये एक सिम्बॉलिक लिंक बनवली होती. ती त्याच्या मूळ डेटा फोल्डरकडे जात होती. स्क्रिप्ट त्या लिंकमधून आत शिरली आणि मूळ डेटा पुसून बाहेर आली. शेवटी लिंक काढता आली नाही म्हणून तेवढी तक्रार लॉगमध्ये नोंदवली. लिंक शाबूत होती, डेटा गेला होता. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. मधली मोजमापं पुन्हा घ्यायला त्याला दीड महिना लागला.

लिंक म्हणजे नेमकं काय

बाजारात एखाद्या बंद शटरवर पाटी असते: "आमचे दुकान मागच्या गल्लीत स्थलांतरित झाले आहे." सिम्बॉलिक लिंक म्हणजे ही पाटी. पाटीला स्वतःचं अस्तित्व आहे, तिच्यावर एक पत्ता लिहिलेला आहे, आणि तो पत्ता बरोबर आहे का याची तिला काहीही पर्वा नाही. मागच्या गल्लीतलं दुकान बंद पडलं तरी पाटी तशीच लटकत राहते. अशा लिंकला तुटलेली लिंक म्हणतात.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर सिम्बॉलिक लिंक ही एक छोटी, खास प्रकारची फाइल असते आणि तिच्या आत दुसरा पथ मजकूर म्हणून साठवलेला असतो. म्हणूनच खुद्द लिंकची साइज बघितली तर ती त्या पथातल्या बाइट्सइतकी भरते. लिंक एक जीबीच्या फाइलकडे जात असली तरी तिची स्वतःची साइज वीस-तीस बाइट्सच असू शकते. युनिक्सच्या जगात ही सोय १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडीबरोबर सर्वदूर पोहोचली. पीएचपी त्यानंतर बारा वर्षांनी, १९९५ मध्ये लोकांसमोर आली.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे हार्ड लिंक. ती पाटी नसते, ते त्याच फाइलचं दुसरं नाव असतं. घरातलं नाव बंड्या आणि शाळेतलं नाव वेगळं, पण मुलगा एकच, तसं. हार्ड लिंकवर इज_लिंक "नाही" म्हणणार आणि ते बरोबरच आहे, कारण दोन्ही नावं सारखीच खरी आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे विंडोजच्या डेस्कटॉपवरचा शॉर्टकट. फाइल सिस्टिमच्या नजरेत ती एक साधी फाइल असते, तिचा अर्थ विंडोजचा एक्सप्लोरर लावतो. खऱ्या सिम्बॉलिक लिंक विंडोजमध्ये व्हिस्टापासून आल्या.

आपण वेबवाले लिंक रोज वापरतो, अनेकदा नकळत. लारावेलमध्ये स्टोरेज-लिंकची कमांड चालवली की पब्लिक फोल्डरमध्ये एक लिंकच तयार होते. नवीन व्हर्जन चढवताना "करंट" नावाची लिंक जुन्या फोल्डरवरून नव्याकडे वळवायची, ही पद्धतही सर्रास आहे. त्यामुळे "आमच्याकडे लिंक नाहीत" असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये.

दोन सिस्टिम कॉल, दोन उत्तरं

आता त्या लॉगच्या कोड्याकडे येऊ. एखाद्या नावाबद्दल ऑपरेटिंग सिस्टिमला माहिती विचारायचे दोन मार्ग आहेत. पहिला स्टॅट. हा पाटी दिसली की तिच्यावरच्या पत्त्यावर जातो आणि तिथल्या दुकानाची माहिती आणतो. दुसरा एलस्टॅट. हा पाटीपाशीच थांबतो आणि पाटीची माहिती देतो. नावातला एल हा लिंकचा.

पीएचपीची बहुतेक फंक्शनं पहिल्या जातीची आहेत. इज_डिर, इज_फाइल, फाइल_एक्झिस्ट्स, फाइलसाइज, सगळी पत्त्यावर जाऊन येतात. इज_लिंक आणि फाइलटाइप मात्र दुसऱ्या जातीची. नाव पुसणारं अनलिंक आणि डिरेक्टरी काढणारं आरएमडिर हीसुद्धा शेवटच्या नावावर पाटीपाशीच थांबतात. माझ्या स्क्रिप्टमध्ये इज_डिर पत्त्यावर जाऊन "डिरेक्टरी आहे" म्हणालं आणि आरएमडिर पाटीकडे बघून "ही डिरेक्टरी नाही" म्हणालं. दोघंही खरंच बोलत होते. चुकीचा होता तो माझा प्रश्नांचा क्रम.

आतून हे कसं चालतं तेही बघून ठेवा. एलस्टॅट जो मोड नावाचा आकडा देतं, त्याच्या वरच्या बिट्समध्ये फाइलचा प्रकार असतो. अष्टमान पद्धतीत ०१७०००० हा मास्क लावला की साध्या फाइलसाठी ०१०००००, डिरेक्टरीसाठी ००४०००० आणि सिम्बॉलिक लिंकसाठी ०१२०००० उरतो. इज_लिंक हेच तपासून हो किंवा नाही सांगतं. स्टॅट वापरून हा शेवटचा आकडा तुम्हाला कधीच मिळणार नाही, कारण स्टॅट लिंकवर थांबतच नाही.

मग बरोबर क्रम कोणता

नावावर काहीही करण्याआधी पहिला प्रश्न लिंकचा विचारायचा.

१. इज_लिंक "हो" म्हणालं, तर अनलिंक करा आणि पुढच्या नावाकडे वळा. यात फक्त पाटी निघते, दुकानाला धक्का लागत नाही. (विंडोजवर डिरेक्टरीकडे जाणारी लिंक असेल तर अनलिंकऐवजी आरएमडिर लागतं.)
२. "नाही" म्हणालं, तर इज_डिरला विचारा. डिरेक्टरी असेल तर आत शिरा.
३. तेही नसेल, तर ती साधी फाइल समजून पुसा.

माझ्या स्क्रिप्टमध्ये पहिली पायरीच नव्हती. एक ओळ.

"मी स्वतः रिकर्शन लिहीत नाही, तयार रिकर्सिव्ह डिरेक्टरी इटरेटर वापरते," असं कुणी म्हणेल. चांगलंच आहे. तो मुद्दाम सांगितल्याशिवाय लिंकमध्ये शिरत नाही. पण नेटवर फिरणारा फोल्डर पुसायचा एक लोकप्रिय नमुना आहे, त्यात प्रत्येक नावाचा आधी रिअलपाथ काढतात आणि मग तो पुसतात. रिअलपाथ म्हणजे सगळ्या पाट्यांमागे जाऊन मिळालेला अंतिम पत्ता! म्हणजे इटरेटरने शहाणपणाने लिंकबाहेर थांबायचं आणि आपण हाताने मूळ फाइल पुसायची. पुसताना नेहमी जसंच्या तसं पाथनेम द्या, रिअलपाथ नको.

इज_लिंकचे बारीक चकवे

आता हे फंक्शन वापरताना कुठे पाय घसरतो ते.

शेवटचा स्लॅश. लिनक्सवर पथाच्या शेवटी स्लॅश लावला की सिस्टिम त्याचा अर्थ "या डिरेक्टरीच्या आत" असा घेते आणि लिंक ओलांडते. त्यामुळे त्याच नावाला स्लॅश न लावता "हो" आणि लावून "नाही" असं उत्तर येऊ शकतं. तपासण्याआधी शेवटचा स्लॅश काढून टाकायची सवय लावा.

मधली पाटी. इज_लिंक फक्त पथातल्या शेवटच्या नावाकडे बघतं. समजा "घर/फोटो/सहल" या पथात "फोटो" हीच लिंक आहे. "सहल"बद्दल विचारलं तर "नाही" असंच उत्तर येणार. पूर्ण पथ एखाद्या ठरावीक फोल्डरच्या बाहेर जातोय का हे बघायचं असेल तर इज_लिंक कामाचं नाही. तिथे दोन्ही बाजूंचे रिअलपाथ काढून तुलना करावी लागते. तुलना करताना मूळ फोल्डरच्या शेवटी स्लॅश जोडायला विसरू नका, नाहीतर "अपलोड" आणि "अपलोड-जुने" हे दोन फोल्डर सारख्याच अक्षरांनी सुरू होतात म्हणून दुसराही आत धरला जाईल.

उलट चूकही होते. "रिअलपाथ मूळ पथापेक्षा वेगळा आला, म्हणजे लिंक आहे" असं काही जण ठरवतात. पथात दोन टिंबं असली किंवा पथ सापेक्ष असला तरी रिअलपाथ वेगळाच येतो. त्यावरून लिंक सिद्ध होत नाही.

तुटलेली लिंक. इथे इज_लिंक "हो" म्हणतं आणि फाइल_एक्झिस्ट्स "नाही" म्हणतं. "फाइल नाहीये ना, मग नवीन लिंक बनवू" असं लिहिलेला कोड नेमका इथे अडखळतो, कारण नाव तिथे आधीच आहे. त्याहून वाईट म्हणजे अशा तुटलेल्या लिंकवर तुम्ही एफओपन डब्ल्यू मोडमध्ये केलंत, तर फाइल तयार होते ती लिंकने दाखवलेल्या जागी.

कॅश. पीएचपी एकाच रिक्वेस्टमध्ये त्याच नावाबद्दल पुन्हा विचारलं तर मागचंच उत्तर देऊ शकते. अनलिंक केल्यावर ती कॅश आपोआप साफ होते, पण बदल दुसऱ्या प्रोग्रॅमने केला असेल तर क्लिअरस्टॅटकॅश तुम्हालाच बोलवावं लागतं. रिअलपाथची कॅश वेगळी असते आणि तिची मुदत मुळात १२० सेकंद असते. "करंट" लिंक वळवूनही दोन मिनिटं जुनाच कोड का दिसतो, याचं एक कारण हे आहे.

आणि आता खरा प्रश्न: उत्तर किती वेळ खरं असतं?

इथून पुढे माझ्या संशोधनाचा भाग सुरू होतो. वरच्या तीन पायऱ्या पुन्हा वाचा. पहिल्या पायरीला इज_लिंक म्हणालं "नाही, ही साधी डिरेक्टरी आहे." दुसऱ्या पायरीला तुम्ही आत शिरलात. या दोन पायऱ्यांच्या मध्ये काही मायक्रोसेकंद गेले. तेवढ्यात कुणीतरी ती डिरेक्टरी बाजूला सरकवली आणि त्याच नावाची लिंक तिथे ठेवली तर? तुमच्या हातातलं उत्तर खरं होतं, पण ते आता शिळं झालं आहे.

याला तपासणी आणि वापर यांच्यातली शर्यत म्हणतात. रिझर्व्हेशनच्या रांगेत खिडकीपाशी कुणीतरी सांगतं "दोन सीट आहेत", आणि आपला नंबर येईपर्यंत त्या गेलेल्या असतात, तसंच. फरक इतकाच की इथे समोरचा मुद्दाम टपून बसलेला असू शकतो.

"मायक्रोसेकंदात कोण काय करणार?" हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर संशोधनात टप्प्याटप्प्याने मिळतं. १९९६ मध्ये मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी फाइल हाताळणीतल्या अशा शर्यती प्रोग्रॅममध्ये कशा शोधायच्या याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. २००४ मध्ये ड्र्यू डीन आणि अ‍ॅलन हू यांनी युझेनिक्सच्या सुरक्षा परिषदेत एक उपाय सुचवला. तपासणी आणि वापर ही जोडी एकदाच करण्याऐवजी अनेक वेळा करा. हल्लेखोराला प्रत्येक फेरी जिंकावी लागेल, म्हणून त्याची शक्यता फेरीगणिक घटत जाईल. नाणेफेक दहा वेळा सलग जिंकण्यासारखं.

पुढच्याच वर्षी त्याच परिषदेत निकिता बोरिसोव्ह, रॉब जॉन्सन, नवीन शास्त्री आणि डेव्हिड वॅग्नर यांनी हा उपाय मोडून दाखवला. त्यांनी एकात एक डिरेक्टरींची लांबच लांब साखळी आणि लिंका यांचा भुलभुलैया उभा केला. तो पथ सोडवताना प्रोग्रॅमला डिस्ककडे जावं लागायचं आणि तो रेंगाळायचा. शिवाय लिंक शेवटची कधी वाचली गेली ही वेळ बघून प्रोग्रॅम नेमका कुठे पोहोचलाय हेही त्यांना कळायचं. मायक्रोसेकंदांची फट हल्लेखोर स्वतःच रुंद करू शकतो, आणि मग नाणेफेक उरतच नाही. मला हा निबंध फार आवडतो, कारण तो आपल्या "एवढं कुठे होतंय" या भरवशालाच हात घालतो.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर अलीकडचं उदाहरण घ्या. रस्ट ही भाषा सुरक्षिततेसाठी नावाजलेली. तिच्या प्रमाणित लायब्ररीतल्या संपूर्ण डिरेक्टरी पुसणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे अगदी माझ्या स्क्रिप्टच्याच कामात, ही शर्यत सापडली. जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. त्या फंक्शनमध्ये लिंकची तपासणी होती. पण तपासणी आणि आत शिरणं यांच्यात फट होती. अपाची वेब सर्व्हरची कागदपत्रंही लिंक न ओलांडण्याच्या पर्यायाबद्दल स्पष्ट सांगतात की याला सुरक्षेची भिंत समजू नका, कारण लिंकची तपासणी शर्यतीत चुकवता येते.

पीएचपीमध्ये आपण काय करू शकतो

सी भाषेत काम करणाऱ्यांकडे चांगली हत्यारं आहेत. फाइल उघडतानाच "लिंक असेल तर उघडू नकोस" असं सांगता येतं. डिरेक्टरी एकदा उघडून ठेवली की तिच्या नावाऐवजी त्या उघडलेल्या हँडलवरून आतलं काम करता येतं. लिनक्स ५.६ मध्ये, २०२० साली, पथातल्या कुठल्याही टप्प्यावर लिंक नको असं सांगायची सोय आली. पीएचपीच्या नेहमीच्या फाइल फंक्शनांतून यातलं बहुतेक काही मिळत नाही. म्हणून आपल्याला रचनेतच काळजी घ्यावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं: ज्या फोल्डरवर स्क्रिप्ट चालते, त्यात नावं बदलायचा अधिकार दुसऱ्या कुणाला आहे का ते बघा. फक्त तुमच्या स्क्रिप्टच्या खात्यालाच लिहिता येत असेल, तर मधल्या मध्ये पाटी लावणारा कुणी उरत नाही आणि इज_लिंकचं उत्तर टिकतं. दुसऱ्यांनाही लिहिता येत असेल, तर ते उत्तर अपघातापासून वाचवेल, हल्ल्यापासून वाचवेलच असं नाही.

नवीन फाइल बनवताना एफओपनचा एक्स मोड वापरा. त्या नावावर आधीच काहीही असेल, अगदी तुटलेली लिंकसुद्धा, तरी तो नकार देतो. इथे तपासणी आणि निर्मिती एकाच पावलात होते, त्यामुळे फटच राहत नाही.

साफसफाईची स्क्रिप्ट कमीत कमी अधिकार असलेल्या खात्यावरून चालवा. माझी स्क्रिप्ट लॅबच्या सामायिक ग्रुपमधून चालत होती, म्हणूनच तिला ज्युनिअरचा डेटा पुसता आला. वेगळं खातं असतं तर ती आत शिरली असती, पण "परवानगी नाही" एवढं ऐकून परत आली असती.

आणि कुणी अपलोड केलेली झिप किंवा टार उघडत असाल, तर आतही लिंक असू शकतात हे लक्षात ठेवा. उघडल्यावर प्रत्येक नावाला पहिला प्रश्न तोच विचारा, आणि तोवर ती जागा वेब सर्व्हरपासून लांब ठेवा.

आमच्या लॅबमध्ये आता बॅकअप रोज रात्री होतो आणि साफसफाईच्या स्क्रिप्टला स्वतःचं वेगळं खातं आहे. स्क्रिप्टमध्ये ती एक ओळही आहे, तिच्या वर कॉमेंटमध्ये त्या सोमवारची तारीख लिहून ठेवली आहे.

तुमच्या सर्व्हरवर अशी एखादी जुनी सफाईची स्क्रिप्ट नक्की असेल. आज ती उघडा आणि एवढंच बघा की नाव हातात आल्यावर ती पहिला प्रश्न कोणता विचारते. इज_डिर असेल, तर पुढचा रविवार यायच्या आत त्याच्या आधी इज_लिंक टाका.